मोजण्यापुरती

नाही नाही काका, दार ढकलू नका, आत बैठक चालू आहे. म्हणजे चालू नाहीये. बैठक आहे, माणसं आहेत, चहा आहे, साहेबांपुढे घंटीसुद्धा आहे, पण ठप्प झालीये सगळी — आणि कुणामुळे ठप्प झालीये, विचारा. विचारा ना! माझ्यामुळे! — बसा इथे बाकावर. अहो बसा, किती दम लागलाय तुम्हाला. लिफ्ट बंद आहे ना? ती बंदच असते, आतल्या सगळ्यांना ठाऊक आहे, नवीन माणूसच तिचं बटण दाबत उभा राहतो. बोलू नका, आधी श्वास घ्या. हे घ्या पाणी, उष्टं नाहीये, मी वरून पिते. तो चष्मा कपाळावर चढवलाय तो तिथेच राहू दे — माझे वडील अस्सेच, चष्मा कपाळावर आणि घरभर शोधाशोध. हिक्! — बघा, लागली. उचकी हो. आनंद झाला की मला उचकी लागते, लग्नातसुद्धा लागली होती. आणि आज तर काय, आत बसलेत तेवढे सगळे एकाच वेळी माझी आठवण काढतायत!

मी कोण म्हणजे? सदस्य आहे मी. परिषदेची. अख्खं विद्यापीठ चालवणारी परिषद असते ना — हो हो, हीच, ह्या दारामागची. विद्यार्थी प्रतिनिधी! हसा, मोकळेपणाने हसा, सगळे हसतात. पहिल्या बैठकीला आले तर दारावरच्या माणसाने विचारलं, बाई, मुलगा कुठाय तुमचा? म्हटलं, मुलगा नाही, मुलगी आहे, ती दिवसाच्या वर्गांना असते, पण प्रतिनिधी मी आहे. बिचाऱ्याने माझं ओळखपत्र दोनदा उलटून पाहिलं. संध्याकाळच्या वर्गांची प्रतिनिधी आहे मी. दिवसा पार्लर असतं माझं — कापणं, रंगवणं, सरळ करणं, कुरळे करणं, ज्याच्याकडे जे नाही ते त्याला हवं असतं — आणि संध्याकाळ झाली की आमच्या ह्यांच्या हातात झाडू देते आणि इकडे पळत सुटते. इतिहास घेतलाय. शेवटचं वर्ष. आमच्या वर्गात एक बसड्रायव्हर आहे, एक नर्स आहे, दोघं पहारेकरी आहेत, आणि एक आजोबा आहेत, त्यांना दर नवीन शिक्षक आधी नमस्कार करतो आणि मग ओशाळतो. निवडणूक आली तेव्हा सरांनी विचारलं, कोण उभं राहणार? सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला कुठली सवय खाली बघायची, मला आरशात बघायची सवय — मी समोर बघत राहिले आणि सापडले.

बिनविरोध? छे, चक्क निवडून आलेय! बसड्रायव्हरला शेवटच्या क्षणी हुरूप आला, तोही उभा राहिला. आणि तो लोकप्रिय हो, वर्ग सुटला की अर्ध्या वर्गाला तोच घरी सोडतो. मी कशी निवडून आले माहितीये? लेकीमुळे. एरवी ही पोरगी मला आवारात ओळख दाखवायची नाही. आई, समोरून आलीस तर हाक मारू नकोस हं — असं स्पष्ट सांगितलेलं मला. मीही नाही मारायची, बाजूने निघून जायची, पण जाता जाता तिच्या केसांना फाटे फुटलेत का तेवढं बघून घ्यायची. आणि तीच पोरगी त्या आठवड्यात संध्याकाळी फाटकाशी उभी! येणाऱ्या प्रत्येकाला अडवून सांगायची, माझ्या आईला मत द्या, ती कुणाचंही ऐकून घेते आणि कुणालाही ऐकवते. फाटकाशी, सगळ्यांसमोर, माझी आई म्हणाली. मी झाडामागे उभी राहून रडून घेतलं आणि मग तोंड धुऊन वर्गात गेले.

तर आत काय असतं सांगते. लांबच्या लांब टेबल. टेबलाच्या डोक्याशी कुलगुरू — त्यांचा भांग असा सरळ की पट्टी ठेवून पाडल्यासारखा. त्यांच्या उजव्या हाताला कायद्याचे सर, त्यांचे केस खोटे आहेत — ऐकताय ना? — उत्तम काम आहे, पण मानेवर रंग चुकलाय, मला पहिल्याच दिवशी दिसलं. मग दोन मॅडम, एकीचे मीच कापते, पण आत त्या मला ओळखत नाहीत आणि पार्लरमध्ये मी त्यांना परिषदेबद्दल विचारत नाही, असं आमचं न बोलता ठरलंय. आणि प्रत्येकापुढे पाटी. माझ्यापुढेही! सुबक, पांढऱ्या अक्षरांची. पहिल्या दिवशी मी ती पाटी माझ्याकडे वळवून वाचत बसले तर चाव्यावाल्याने — तिथला लिपिक हो, कमरेला चाव्यांचा जुडगा, म्हणून चाव्यावाला — येऊन हळूच परत फिरवली, म्हणे ताई, ती बाकीच्यांनी वाचायची असते. माझ्या शेजारची खुर्ची कायम रिकामी. कुणी कारखानदार आहेत, उद्योगांचे प्रतिनिधी. एकदाही आलेले नाहीत! त्यांची पाटी येते, त्यांचा चहा येतो, त्यांची बिस्किटं येतात, ते काही येत नाहीत. मी त्या खुर्चीवर पर्स ठेवते. आणि बिस्किटं — आता वाया घालवायची का? खाते.

काय करतेस तू तिथे, लेक विचारते दर वेळी. काय सांगू तिला? एकदा बोलले मी. एकदाच. सभागृहाच्या पडद्यांचा विषय होता, कुणाला काही पडली नव्हती, कुलगुरू म्हणाले, अनुमोदन कोण देणार, आणि माझ्या तोंडून निघून गेलं — मी! माझं. अनुमोदन. कार्यवृत्तात छापून आलं हो, पडदे बदलण्याच्या ठरावास विद्यार्थी प्रतिनिधींचे अनुमोदन. ह्यांनी ते पान पार्लरमध्ये आरशाशेजारी लावलंय. बायका रंग वाळेपर्यंत वाचतात.

पण आज! आज पडदे नव्हते. आज विषय होता — संध्याकाळचे वर्ग बंद करणे. छापलंच होतं तसं, काळ्यावर पांढरं — नाही, उलटं, पांढऱ्यावर काळं — बघा, अजून डोकं ठिकाणावर नाही माझं. दिवे लागतात म्हणे, पहारा लागतो, शिक्षक थकतात. विद्यार्थ्यांना दिवसाच्या वर्गात सामावून घेऊ. सामावून! बसड्रायव्हरला दिवसा सामावलं तर बस कोण चालवणार, कुलगुरू? नर्सबाईंनी पेशंटला काय सांगायचं, थांबा जरा, माझा तास आहे? आणि मी? कुणाच्या डोक्यावर अर्धा रंग लावून उठू? मी आठवडाभर भाषण पाठ केलं. पार्लरमध्ये जी येईल तिच्यासमोर म्हणून दाखवलं, टॉवेल गुंडाळलेल्या बाईला उठून जाता येत नाही ना. आणि आज विषय पुकारला, मी घसा खाकरला, तर कुलगुरूंनी घंटी वाजवली — टिंग! — आणि म्हणाले, हा विषय राखीव आहे, विद्यार्थी प्रतिनिधींनी कृपया बाहेर थांबावं.

राखीव म्हणजे काय ना? मलाही माहीत नव्हतं. राखीव म्हणजे ज्यात विद्यार्थ्यांचं काही बरंवाईट ठरणार तो विषय. नियमच आहे म्हणे, वर्षानुवर्षांचा. पडद्यांना थांबायचं, आपल्या गळ्याशी आलं की बाहेर जायचं. दिवसाच्या वर्गांचा दुसरा प्रतिनिधी असता तर आम्ही दोघं गेलो असतो बाहेर, पण त्याची आज परीक्षा — बैठकीची तारीख ह्या आतल्यांनीच ठरवली, परीक्षेचीही आतल्यांनीच ठरवली. तर मी उठले. पर्स घेतली. ह्या दाराची कडी नीट बसत नाही, बघा, एवढीशी फट राहतेच — मी बाहेर येऊन उभी राहते न राहते तोच आतून त्या खोट्या केसांच्या सरांचा आवाज — कोरम! साहेब, कोरम तुटला!

हिक्! थांबा, एक घोट द्या मला. हां. कोरम म्हणजे ठराव करायला खोलीत कमीत कमी इतकी माणसं पाहिजेत, त्याहून कमी असली तर ठराव कागदाच्या मोलाचाही नाही. आज निम्मे आलेच नाहीत, लग्नं, गुडघे, काय काय निरोप पाठवले सगळ्यांनी. आणि आत जी उरली होती ना, ती मला धरून बरोब्बर पुरत होती. मला धरून! मला बाहेर काढलं आणि स्वतःच्याच पायाखालची सतरंजी ओढली त्यांनी! मी इथे तोंडात ओढणी कोंबून हसले हो, भिंतीला टेकून हसले.

मग आला चाव्यावाला. ताई, आत या. म्हटलं, विषय राखीव आहे ना? म्हणे, हो, पण साहेब म्हणतात, तुम्ही नुसतं बसा. म्हटलं, बोलता येईल? तो आत गेला. परत आला. म्हणे, बोलायचं नाही, मत द्यायचं नाही, नुसतं बसायचं, मोजण्यापुरतं. मोजण्यापुरतं! म्हटलं, दोन मिनिटं बोलू द्या, मग हवं तेवढं मोजा. आत गेला. परत आला — बिचाऱ्याच्या चाव्या नुसत्या खळाखळा वाजतायत — म्हणे, राखीव विषयात बोलण्याची प्रथा नाही. म्हटलं, मग माझीही आत बसण्याची प्रथा नाही. मी! मी म्हणाले हे. पडद्यांना अनुमोदन देणारी मी! आणि बसले इथे. मी आत जात नाही तोवर ठराव होत नाही, आणि आज ठराव झाला नाही तर प्रवेशाची जाहिरात उद्या जुनीच जाणार, संध्याकाळच्या वर्गांसकट, आणि जाहिरात गेली की वर्षभर कुणाला बोट लावता येत नाही. चाव्यावाल्यानेच सांगितलं, कानाशी येऊन. त्याचा भाचा आमच्या पुढच्या बाकावर बसतो.

काका, तुमचा खिसा थरथरतोय. फोन हो. घ्या ना. नाही घ्यायचा? राहिलं. घरून असेल, केव्हा येता म्हणून. तुमचं काय काम होतं इथे, लेकरांच्या प्रवेशाचं? आज होणार नाही हं काही, सांगून ठेवते. आता ते आत त्या कारखानदाराच्या मागे लागलेत. एवढे महिने आले नाहीत ते आज येणार म्हणे! दुपारीच निरोप दिलाय, निघतो म्हणून. आता तो एक माणूस आला की संपलं. माझी गरजच नाही मग. तो येईल, दम खात खुर्चीत बसेल, माझी — म्हणजे त्याची — बिस्किटं खाईल, कशावर हात वर केला हेसुद्धा न वाचता हात वर करेल आणि टिंग! संपली आमची संध्याकाळ. त्याला काय सोयरसुतक? एकदा तरी फिरकलाय का इकडे? आमच्या वर्गाची खिडकी कुठल्या बाजूला आहे हे तरी माहितीये का त्याला? उठू नका हो तुम्ही, पाय आखडले असतील, सरळ करा, संकोच करू नका.

भाषण? ऐकायचंय? खरंच? अहो, ते आत म्हणायचं होतं, इथे बाकावर काय — बरं. उभी राहू का? नको, बसूनच. मी म्हणणार होते — माननीय कुलगुरू आणि माननीय सदस्यहो — नाही, ते सोडा, ते लेकीने लिहून दिलं होतं. मी म्हणणार होते की एकदा आमच्या वर्गात या. नुसते येऊन बसा, मोजण्यापुरते. दिवसभर राबून आलेली माणसं कशी बसतात बघा. ती नर्स पायांतून चपला काढून टाकते आणि सुजलेले पाय थंड फरशीवर ठेवून लिहिते. बसड्रायव्हर डुलकी लागू नये म्हणून मागे उभा राहून ऐकतो. आजोबा प्रश्न विचारतात, रोज एक, घरून ठरवून आणलेला, त्यांच्या घरात त्यांना कुणी उत्तर देत नाही हो. आणि मी — मी नववीत शाळा सोडली. सोडली नाही, सोडवली. मग आयुष्यभर शिकलेल्या बायकांची डोकी हातात धरली, त्यांची बोलणी वरून ऐकली, आणि जी, हो जी, बरोबर आहे जी करत राहिले. बरोबर काय आहे तेच कळायचं नाही! आता कळतं. परवा एका मॅडमना म्हटलं, नाही, ते तसं नव्हतं झालं, आधी दुष्काळ पडला आणि मग बंड झालं. कात्री हातात धरून म्हटलं. त्या आरशातून माझ्याकडे बघतच राहिल्या. काका, काय वाटलं मला त्या वेळी, कसं सांगू. मला तेवढंच हवंय. पदवी टांगायला भिंतच नाही पार्लरमध्ये, सगळे आरसेच आहेत. पण हे वर्ष मला पुरं करायचंय, आणि माझ्यामागे जी येईल तिलाही.

असंच म्हणणार होते. म्हणजे... कुणाला सांगू नका. मला बाहेर जा म्हणाले ना, तेव्हा आधी काय वाटलं ठाऊक आहे? सुटले! घसा खाकरला होता मी, पण पुढे शब्दच नव्हता. त्यांनी घंटी वाजवली आणि मला हायसं वाटलं. लेक घरी विचारेल, बोललीस का, आणि मी सांगणार होते, नियमच आहे गं बाहेर जायचा. ह्या दाराबाहेर पाऊल टाकलं तेव्हा मनात घर गाठायचंच होतं माझ्या. कोरम तुटला म्हणून मी शूर झाले, नाहीतर — बघा, हे मी ह्यांनाही सांगितलं नसतं, तुम्हाला का सांगतेय? तुमचा चेहराच असा आहे. ऐकणारा.

शूः! फटीतून ऐका. पुन्हा लावतायत त्याला फोन. काय म्हणतायत — रिंग जातेय... रिंग जातेय, उचलत नाहीत... — आणि तुमचा खिसा पुन्हा थरथरतोय. कमाल आहे, काय वेळ साधतात तुमच्या घरचे. ठेवला म्हणतायत आत. आणि तुमचाही थांबला.

पुन्हा लावतायत.

काका.

तो खिसा.

अगं बाई. अगं बाई गं. तुम्ही... ती बिस्किटं... अहो, मी तुम्हाला काय काय बोलले! हात वर करेल म्हणाले, दम खात येईल म्हणाले — दम खातच आलात तुम्ही, मीच पाणी पाजलं! तुम्हाला दारातून मीच ओढून बसवलं! हिक्! साहेब, माफ करा, खुर्चीवरची पर्स मी दर वेळी — नाही? काकाच म्हणू? बरं, काका. काका, मला हसू येतंय हो, रडायला पाहिजे आणि हसू येतंय, काय करू? एवढी मोठी परिषद तीनदा फोन लावतेय तुम्हाला आणि तुम्ही इथे माझ्या बाटलीतलं पाणी पीत बसलाय!

नाही, हे बघा. मी तुम्हाला अडवणार नाही आता. आधी अडवलं ते ठाऊक नव्हतं म्हणून. तुमची खुर्ची आहे, पाटी आहे, माझ्याइतकेच तुम्हीही प्रतिनिधी आहात, आणि प्रतिनिधीला बाहेर बसवून ठेवणं कसं असतं ते मला आजच कळलंय — मी नाही करणार तसं कुणाला. हे दार. कडी वर उचलून ढकला, नाहीतर अडकतं. एवढं खरं की भाषण कुणीतरी ऐकलं. लेकीला सांगेन, बोलले गं, एका सदस्यासमोर तरी बोलले, सबंध, न अडखळता. जा काका. मी नाही रागावणार. कॉलर थोडी वर झालीये मागे, थांबा — हां, आता ठीक. कानांमागचे केस कुणी कापले हो तुमचे? या एकदा पार्लरला, नीट करून देते.

काय? विषय मोठा आहे, वाचल्याशिवाय आत कसं बसणार? हो, ते खरंच. आणि वाचायचं तर चष्मा लागेल? हो, लागेलच की. आणि चष्मा खाली गाडीत राहिला? तो आणायला — परत खाली? एवढे जिने? अहो काका, पण चष्मा तर तुमच्या कपाळाव—

...

हो. हो हो. गाडीतच राहिला असेल. आणि गाडी लांब लावली असेल ना? फार लांब. फाटकाबाहेर. सावकाश जा, काका. धरून उतरा. मी आहे इथे बसलेली, मी सांगते त्यांना — अजिबात घाई करू नका.